एकमेव अंगठी: तिची ताकद आणि तिचा मोह (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या अंगठीबद्दल वाचक, आणि त्याहून जास्त चित्रपट पाहिलेले लोक, जे प्रश्न हमखास विचारतात त्यांची ही उत्तरं. कथेचा शेवट यात उघड होतो. पुस्तक अजून वाचलं नसेल आणि वाचायचं असेल, तर सरळ शेवटच्या प्रश्नाकडे जा आणि बाकीचं नंतर वाचा.

ही अंगठी कुणी बनवली आणि कशासाठी?

कथेतला मुख्य दुष्ट सत्ताधीश सॉरॉन याने, स्वतःच्या हाताने, मॉर्डोर या आपल्या मुलखातल्या माऊंट डूम या ज्वालामुखीच्या आगीत. टॉल्किनच्या कालगणनेत हे दुसऱ्या युगाचं साधारण १६०० वं वर्ष.

त्याआधी बरंच काही घडलं होतं. एरेगिऑन नावाच्या प्रदेशात एल्फ या अमर जमातीतल्या कारागिरांची वस्ती होती आणि केलेब्रिम्बोर हा त्यांचा म्होरक्या होता. सॉरॉन तिथे देखणं रूप घेऊन, अन्नाटार म्हणजे 'भेटी देणारा' असं नाव सांगत गेला आणि त्यांना आपल्याकडची विद्या शिकवली. त्या विद्येतून जादूच्या अंगठ्या घडल्या. मग सॉरॉनने गुपचूप आणखी एक घडवली, बाकी सगळ्या अंगठ्यांवर आणि पर्यायाने त्या घालणाऱ्यांच्या मनांवर हुकूम चालवणारी.

डाव एल्फांपुरता फसला. सॉरॉनने ती बोटात घालताच त्यांना त्याची चाहूल लागली आणि त्यांनी आपापल्या अंगठ्या काढून ठेवल्या. तेव्हा त्याने लढाई पुकारली, एरेगिऑन बेचिराख केलं आणि केलेब्रिम्बोरला मारलं. हाती आलेल्या अंगठ्यांपैकी सात ड्वार्फांच्या आणि नऊ माणसांच्या वाट्याला गेल्या. एल्फांच्या तीन अंगठ्या केलेब्रिम्बोरने एकट्याने बनवल्या होत्या आणि त्यांना सॉरॉनचा हात कधीच लागला नव्हता. त्या मात्र लपून राहिल्या.

अन्नाटारचा हा भाग मूळ कादंबरीत ओझरताच येतो, त्यामुळे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. या अंगठ्यांची सुरुवातच भेटवस्तू देण्याघेण्यातून आणि शिकण्याच्या खऱ्या इच्छेतून झाली. एल्फांना जग सुंदर ठेवायचं होतं, जे आवडतं ते कोमेजू नये असं त्यांना वाटत होतं, आणि सॉरॉनने नेमकं तेच हेरलं.

फक्त अदृश्य होता यावं म्हणून एवढी युद्धं?

अदृश्य होणं हा तिचा मुख्य गुण नाहीच. जिवंत माणसांच्या दिसणाऱ्या जगाला लागून टॉल्किनने एक न दिसणारं जग कल्पिलं आहे. अंगठी मर्त्य माणसाला त्या जगाकडे ओढून नेते, म्हणून तो इथल्या लोकांना दिसेनासा होतो. पण तिकडच्यांना तो जास्तच स्पष्ट दिसतो. अंगठी वाहून नेणारा कथेचा नायक फ्रोडो (हॉबिट या बुटक्या जमातीतला) वेदरटॉप टेकडीवर घाबरून ती घालतो, तेव्हा काळ्या झग्यांमागचे नाझगुलांचे, म्हणजे सॉरॉनच्या नऊ सेवकांचे, पांढरे चेहरे त्याला पहिल्यांदा दिसतात आणि त्यांनाही तो दिसतो. लपण्यासाठी घातलेली अंगठी त्याला शत्रूपुढे उघडं करते.

सॉरॉन स्वतः ती घालून कधी अदृश्य झाला नाही. हॉबिट मात्र होतात, आणि तेही पुरते नाही, कारण लख्ख उन्हात त्यांची पुसटशी सावली पडते. फ्रोडोचा सोबती सॅम याने ती मॉर्डोरच्या वेशीवर घातली तेव्हा त्याचे कान तीक्ष्ण झाले, पण डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं.

तिची खरी ताकद म्हणजे दुसऱ्याच्या इच्छेवर ताबा मिळवणं. ही ताकद घालणाऱ्याच्या वकुबाप्रमाणे मिळते. फ्रोडो एल्फांची स्वामिनी गलाड्रिएल हिला विचारतो की माझ्याकडे अंगठी आहे, तर बाकीच्या अंगठ्या घालणाऱ्यांची मनं मला का वाचता येत नाहीत? ती सांगते की तू तसा प्रयत्न केलेला नाहीस आणि करूही नकोस. त्यासाठी आधी दुसऱ्यांवर हुकूम गाजवण्याची सवय मनाला लावावी लागेल. हा छोटा संवाद वाचताना पटकन निसटतो, पण अंगठी कशी चालते हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठेच सांगितलेलं नाही.

ती घातल्यावर आयुष्य वाढतं, हा तर फायदाच नाही का?

आधी ती गॉलम नावाच्या प्राण्याकडे पावणेपाचशे वर्षं होती. त्यानंतर ती मिळालेला आणि पुढे ती फ्रोडोकडे सोडून गेलेला हॉबिट बिल्बो एकशे अकराव्या वाढदिवसालाही पन्नाशीचा वाटायचा. वरवर पाहता कुणालाही हेवा वाटावा.

मांत्रिक गॅन्डाल्फ मात्र फ्रोडोला बजावतो की अंगठी कुणाचं आयुष्य वाढवत नाही. जेवढं आहे तेवढंच ती ताणत राहते, इतकं की शेवटी एकेक क्षण जड होतो. बिल्बो स्वतःच म्हणतो की पावाच्या मानाने लोणी फारच थोडं असावं आणि ते ओढून ओढून पसरावं, तसं मला झालंय. सगळे त्याला 'काय मस्त तब्येत राखलीय' म्हणत असतात आणि आतून तो विरत चाललेला असतो.

याचं टोक म्हणजे नाझगुल. नऊ अंगठ्या घेतलेली ती माणसं आपापल्या काळात राजे, योद्धे, मांत्रिक होती. त्यांना वैभव मिळालं, ती मेली नाहीत, आणि हळूहळू कायमची अदृश्य होऊन सॉरॉनची गुलाम झाली. ड्वार्फांवर हा प्रयोग चालला नाही. ते ना अदृश्य झाले, ना कुणाच्या ताब्यात गेले. त्यांची सोन्याची हाव तेवढी भडकली, आणि सॉरॉनला तीही पुरेशी होती.

सॉरॉनने आपली शक्ती अंगठीत ओतली होती, मग ती हरवल्यावर तो संपला कसा नाही?

टॉल्किनने १९५१ मध्ये प्रकाशक मिल्टन वॉल्डमन यांना एक लांबलचक पत्र लिहिलं, त्यात याचा खुलासा आहे. अंगठी बोटात असली की सॉरॉनचं बळ वाढायचं. पण ती दूर असतानाही ते बळ शाबूत होतं आणि त्याच्याशी जोडलेलं होतं. ते तुटण्याचे मार्ग दोनच. एक, दुसऱ्या कुणा सामर्थ्यवानाने ती बळकावून स्वतःची करणं. दोन, ती वितळवणं.

पहिल्या शक्यतेने सॉरॉनची झोप उडालेली असते. दुसरी त्याच्या मनातच येत नाही. हाती आलेली सत्ता कुणी आपणहून नष्ट करायला निघेल, ही कल्पनाच त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. रिव्हेंडेल या एल्फांच्या ठाण्यात, अंगठीचं काय करायचं हे ठरवायला भरलेल्या सभेत, गॅन्डाल्फचा सगळा बेत याच एका आंधळेपणावर उभा राहतो.

इसिल्डुरने ती तेव्हाच का नाही वितळवली?

दुसऱ्या युगाच्या अखेरच्या युद्धात माणसांचा राजपुत्र इसिल्डुर याने सॉरॉनच्या हातून अंगठी कापून घेतली ती वडिलांच्या, म्हणजे एलेन्डिलच्या, मोडक्या तलवारीने. त्या लढाईत त्याचे वडील आणि भाऊ दोघंही गेले होते. एलरॉन्ड आणि किर्डन या एल्फ नेत्यांनी ती तिथेच आगीत टाकायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की ही माझ्या बापाची आणि भावाची भरपाई आहे. चित्रपटात एलरॉन्ड त्याला ज्वालामुखीच्या आत, कड्यापर्यंत घेऊन जातो. पुस्तकात असं दृश्य नाही. तिथे फक्त सल्ला आहे आणि नकार आहे.

इसिल्डुरला लोभी ठरवून लोक मोकळे होतात, ते मला पटत नाही. दुःखात बुडालेल्या मुलाने वडिलांची आठवण म्हणून काहीतरी हाती धरून ठेवलं, इथूनच ते सुरू झालं. शिवाय १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अनफिनिश्ड टेल्स'मध्ये त्याच्या अखेरच्या दिवसांची कहाणी आहे. तिथे तो कबूल करतो की ही माझ्याच्याने पेलवत नाही, ती तीन अंगठ्या राखणाऱ्यांकडे द्यायला हवी. तो रिव्हेंडेलच्याच वाटेवर असताना ऑर्क या राक्षसी सैनिकांनी त्याला गाठलं. नदीत पोहताना अंगठी बोटातून निसटली, तो दिसू लागला आणि बाणांनी टिपला गेला.

अंगठीला स्वतःचं मन असतं का?

गॅन्डाल्फ तसं बोलतो खरा. गॉलमने अंगठी टाकली नाही, अंगठीने गॉलमला टाकलं, असं तो म्हणतो. इसिल्डुरच्या बोटातून ती ऐन वेळी निसटते, ब्री गावच्या खानावळीत फ्रोडोच्या बोटात आपोआप शिरते. तिचं वजन आणि आकारही बदलतो. पण ती विचार करते, योजना आखते, असं पुस्तकात कुठे दिसत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तिच्यात सॉरॉनची इच्छा साठलेली आहे आणि ती इच्छा सतत मालकाकडे ओढ घेत असते.

याच ठिकाणी गॅन्डाल्फ आणखी एक गोष्ट सांगतो. गॉलमला सोडून निघालेली अंगठी एखाद्या ऑर्कऐवजी शायर या हॉबिटांच्या मुलखातल्या बिल्बोच्या हाताला लागली, यामागे तिच्या निर्मात्याखेरीज दुसऱ्याच कुणाची तरी इच्छा होती. टॉल्किन श्रद्धाळू कॅथलिक होते. या एका वाक्यापलीकडे त्यांनी तिथे काही स्पष्ट केलेलं नाही, आणि ते बरंच झालं.

ती मोहात पाडते म्हणजे नेमकं काय करते?

मला सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न हा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

जादूच्या वस्तूंच्या बहुतेक गोष्टींत मोह एकाच साच्याचा असतो. सोनं, सिंहासन किंवा सुंदर स्त्री. ही अंगठी बाहेरून काही आणत नाही. समोरच्याच्या मनात जे आधीच आहे, आणि बहुतेक वेळा जे चांगलं आहे, तेच ती मोठं करून दाखवते.

सॅम माळी आहे. फ्रोडो मेला असं समजून तो अंगठी आपल्या गळ्यात घालतो आणि मॉर्डोरच्या उंबऱ्यावर उभा राहतो. तिथे त्याला दिसतं की ज्वलंत तलवार घेऊन आपण चालून जातोय, फौजा मागे येतायत, आणि आपल्या हुकमासरशी ती राखेची दरी फुलाफळांची बाग होतेय. नीट पाहिलं तर त्यात वाईट काहीच नाही. ओसाड जमिनीवर बाग फुलावी, हे माळ्याचं स्वप्न असणारच. अंगठी फक्त त्यात 'हुकमासरशी' एवढंच घालते. सॅम सुटतो तो दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे फ्रोडोवरची माया. दुसरी म्हणजे त्याची साधी समज की मला माझ्या हातांनी करता येईल एवढी छोटी बाग पुरे, दुसऱ्यांच्या हातांनी फुलवलेलं राज्य नको.

गलाड्रिएलचं प्रकरण याहून अवघड आहे. ती हजारो वर्षांची आहे, प्रचंड सामर्थ्यवान आहे, आणि एल्फांच्या तीन अंगठ्यांपैकी एक तिच्या बोटात आहे. लोथलोरिएनचं अरण्य त्या अंगठीच्या बळावर काळापासून जपलेलं आहे. फ्रोडोची मोहीम फसली तर सॉरॉन ते जाळणार आणि यशस्वी झाली तर तिच्या अंगठीची शक्ती जाऊन अरण्य ओसरणार. म्हणजे कोणत्याही बाजूने तिचं प्रिय ते जाणारच, वाचवण्याचा एकच उपाय, आणि तो समोरचा हॉबिट भोळेपणाने ओंजळीत धरून देऊ करतोय. ती लपवत नाही की मी याची कित्येक वर्षं वाट पाहिली. आपण कशी राणी होऊ हे ती त्याला बोलून दाखवते, सुंदर आणि भयंकर, जिच्यावर सगळे प्रेम करतील आणि हताश होतील. आणि मग नाही म्हणते. आपण ओसरून जाऊ, पण गलाड्रिएल म्हणूनच राहू, हे ती पत्करते.

गॉलमच्या बाबतीत चांगलं असं काही मोठं करायला नव्हतंच, असं वाटू शकतं. तो तेव्हा स्मेगॉल होता. मित्राला, डेगॉलला, नदीच्या तळाशी अंगठी सापडते आणि हा 'माझा वाढदिवस आहे, मला दे' म्हणतो. तो देत नाही, तेव्हा गळा दाबतो. सारं काही क्षणात. पण पुढे शेकडो वर्षं तो स्वतःला समजावत राहतो की ती वाढदिवसाची भेटच होती. म्हणजे त्या काळोखातही त्याला स्वतःपुढे चांगलं ठरायचं होतं. त्याच्या मनात उरलेल्या या किलकिल्या फटीवर गॅन्डाल्फ आशा ठेवतो.

गॅन्डाल्फने ती घेतली असती तर सॉरॉन सहज हरला असता ना?

सॉरॉन कदाचित हरला असता. त्यानंतर जे आलं असतं ते त्याहून वाईट.

फ्रोडो अंगठी देऊ करतो तेव्हा गॅन्डाल्फ अक्षरशः दचकतो. तो म्हणतो की माझ्या मनात शिरायची तिची वाट दयेतून जाते, दुबळ्यांची कीव आणि भलं करण्याची ताकद हवी ही इच्छा. टॉल्किनने १९६३ मधल्या एका पत्राच्या मसुद्यात हा विचार पुढे नेला आहे. अंगठीचा धनी झालेला गॅन्डाल्फ धर्मनिष्ठच राहिला असता, पण आपणच तेवढे बरोबर ही खात्री त्याच्यात भिनली असती. लोकांच्या भल्यासाठी, स्वतःला शहाणपणाचं वाटेल तसं, त्याने राज्य चालवलं असतं. सॉरॉनच्या राज्यात वाईट ते वाईट म्हणून ओळखू तरी येतं. गॅन्डाल्फने चांगलेपणाचीच लोकांना किळस आणली असती.

'योग्य माणसाच्या हाती सत्ता दिली की झालं' असं मानणाऱ्या प्रत्येकाने हा भाग वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

बोरोमिर खलनायक आहे का?

नाही. तो फ्रोडोच्या मोहिमेत सामील झालेला योद्धा आहे. त्याचं शहर, मिनास तिरिथ, मॉर्डोरच्या अगदी तोंडावर आहे. तो आयुष्यभर तिथे लढत आलाय, आपली माणसं मरताना पाहत आलाय. रिव्हेंडेलमध्ये बसलेले लोक त्याला सांगतात की शत्रूचं सगळ्यात मोठं हत्यार आपल्याकडे आहे आणि ते वापरायचं नाही. हे त्याला न पटणं स्वाभाविक आहे. आमोन हेनच्या उतारावर तो फ्रोडोशी आधी मायेने बोलतो, मग युक्तिवाद करतो, मग आवाज चढतो, मग झडप. चार पानांत एक भला माणूस घसरत जातो आणि कुठल्या वाक्यावर तो घसरला हे बोट ठेवून दाखवता येत नाही.

झडप फसल्यावर तो रडतो. मग मेरी आणि पिपिन या सोबतच्या हॉबिटांना वाचवताना बाणांनी चाळण होऊन मरतो, आणि मरण्याआधी मोहिमेतल्याच ॲरागॉर्नपाशी कबुली देतो. ॲरागॉर्न त्याला म्हणतो की तू जिंकलास. मला हे सांत्वनाचे शब्द वाटत नाहीत, ॲरागॉर्न खरं तेच सांगतोय.

फारामिरला मोह झालाच नाही, हे कसं?

पुस्तकातला बोरोमिरचा भाऊ म्हणतो की ही वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. पीटर जॅक्सनच्या चित्रपटात तो फ्रोडोला धरून ऑस्गिलिआथपर्यंत नेतो आणि मग सोडतो. चित्रपटकर्त्यांची अडचण समजते. अंगठी भयंकर आहे असं तासन्‌तास सांगायचं आणि एकाने तिच्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही, हे पडद्यावर पचत नाही. तरी पुस्तकातला फारामिर मला जास्त आवडतो. त्याने अंगठी पुढ्यात येण्याच्या कितीतरी आधी ठरवून टाकलं आहे की तलवार तिच्या धारेसाठी प्रिय नसते, ती ज्याचं रक्षण करते ते प्रिय असतं. ज्याचं आधीच ठरलेलं असतं, त्याला ऐन वेळी झगडावं लागत नाही.

टॉम बॉम्बॅडिलवर परिणाम का होत नाही? मग त्यालाच का नाही दिली?

टॉम हा फ्रोडोला वाटेत भेटलेला गूढ रानवासी. त्याला कशावरही हुकूम चालवायचा नाही, म्हणून अंगठीला धरायला जागाच सापडत नाही. याच कारणाने तो राखणदार म्हणून निरुपयोगी. तो ती कुठेतरी टाकून विसरून गेला असता. सभेत हे स्पष्ट बोललं जातं.

कथेतल्या महाकाय गरुडांवर बसून सरळ माऊंट डूमला का नाही गेले?

पुस्तकात कुणी हा प्रश्न विचारत नाही, त्यामुळे थेट उत्तरही नाही. मोहीम गुप्त ठेवायची होती, सॉरॉनची नजर आभाळावर होती आणि नाझगुलांकडे उडणारी जनावरं होती, एवढं मला पुरतं. या प्रश्नावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांना एवढंच सांगेन की उडत गेले असते तरी आगीच्या कड्यावर अंगठी हातातून सोडण्याचा प्रश्न तसाच उरला असता.

बिल्बोने ती आपणहून कशी सोडली?

गॅन्डाल्फच्या मते, नुसता विचार न करता ती खरोखर दुसऱ्याला देऊन टाकणारा इतिहासातला तो पहिलाच, आणि त्यालाही गॅन्डाल्फच्या सगळ्या मदतीची गरज पडली. त्या रात्री तो चिडतो, तलवारीच्या मुठीला हात घालतो, 'माझी आहे' म्हणतो, पाकीट पुन्हा खिशात टाकतो. शेवटी ते जमिनीवर पडतं आणि तो गात गात घराबाहेर पडतो.

त्याला ते जमलं याचं मूळ साठ वर्षं मागे आहे. डोंगराखालच्या बोगद्यात, अदृश्य असताना, तो गॉलमला मारू शकत होता. त्याला दया आली आणि त्याने उडी मारून वाट काढली. अंगठीशी त्याचं नातं खुनाने सुरू झालं नाही, दयेने झालं, म्हणून त्याचं नुकसान तुलनेने कमी झालं असं गॅन्डाल्फ म्हणतो.

यामागची लेखनाची हकीकतही सांगायला हवी. 'द हॉबिट' १९३७ मध्ये आलं तेव्हा टॉल्किनना या अंगठीचं भविष्य माहीत नव्हतं. त्या आवृत्तीत ती साधी जादूची अंगठी होती आणि गॉलम ती कोड्यांच्या खेळात बक्षीस म्हणून द्यायला राजी होता. पुढच्या कादंबरीत अंगठी भयंकर झाल्यावर हे जुळेना, कारण तसली वस्तू गॉलम देईलच कशी? म्हणून १९५१ च्या आवृत्तीत त्यांनी ते प्रकरण बदललं. आणि जुना मजकूर फेकून न देता त्याचंही काम केलं. पहिल्या आवृत्तीत छापलेलं ते बिल्बोचं खोटं होतं, असं त्यांनी ठरवलं! अंगठीवर आपलाच हक्क आहे हे पटवण्यासाठी एरवी सरळमार्गी असलेला बिल्बो खोटं बोलला, आणि गॅन्डाल्फला पहिला संशय आला तो त्यावरूनच. लेखकाच्या अडचणीतून एवढं सुंदर काही निघालेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

फ्रोडो शेवटी हरलाच ना?

कड्यावर उभा राहून तो म्हणतो की जे करायला आलो ते मी करणार नाही, अंगठी माझी आहे. आणि ती घालतो. एका अर्थी हो, तो हरला.

पण त्या पहिल्या दिवसाकडे परत जाऊ. आपल्या घरच्या चुलाण्यात, जिथे अंगठी वितळणं शक्यच नव्हतं, तिथेही फ्रोडोला ती टाकवली नव्हती. टाकायला गेला आणि हात खिशात गेला. वॉल्डमन यांच्या पत्रात टॉल्किन सांगतात की त्या आगीपाशी जाऊन तिला इजा करणं कुणाच्याच इच्छाशक्तीला शक्य नव्हतं, खुद्द सॉरॉनच्याही नाही. मग फ्रोडोकडून आपण काय मागतोय?

१९५६ आणि १९६३ मधल्या पत्रांत त्यांनी वाचकांना हेच समजावलं आहे. महिनोन्‌महिने उपाशी, जखमी, थकलेल्या माणसावर डोंगर कोसळला आणि तो त्याखाली चिरडला, तर त्याला आपण पापी म्हणत नाही. फ्रोडोने स्वतःजवळचं सगळं खर्चलं आणि अंगठी त्या जागेपर्यंत पोचवली. त्याच्या हातात होतं ते एवढंच.

उरलेलं काम गॉलमने केलं, बोट चावून तोडून आणि तोल जाऊन. हा योगायोग नाही. बिल्बोने त्याला जिवंत सोडलं, फ्रोडोने सोडलं, आणि डोंगराच्या वाटेवर, अगदी शेवटच्या तासात, गॉलमवर कायम खार खाणाऱ्या सॅमनेही तलवार उगारून खाली केली. त्याने स्वतः थोडा वेळ ती अंगठी बाळगली होती, त्यामुळे गॉलमचे हाल त्याला आतून कळले. या तिघांपैकी एकानेही गॉलमला मारलं असतं तर त्या कड्यावर अंगठी फ्रोडोच्याच बोटात राहिली असती आणि नाझगुल येऊन पोचले असते.

अंगठी म्हणजे अणुबॉम्ब का?

टॉल्किन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत हे साफ नाकारलं आहे. कथेचा आराखडा युद्धाआधीचा, १९३७ च्या अखेरीस त्यांनी लिहायला घेतलं होतं. वर ते म्हणतात की दुसऱ्या महायुद्धावर कथा बेतली असती तर अंगठी नक्कीच हस्तगत करून सॉरॉनविरुद्ध वापरली गेली असती, आणि फितूर मांत्रिक सारुमानने गोंधळात संधी साधून स्वतःची दुसरी अंगठी बनवली असती. स्वतः पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, सोमच्या खंदकांत लढलेल्या माणसाचं हे म्हणणं आहे. रूपक नको, पण वाचकाला आपल्या काळाशी जे जुळतंसं वाटेल ते जुळवायला तो मोकळा आहे, ही त्यांची भूमिका होती.

ती नष्ट झाल्यावर सगळे बरे झाले का?

फ्रोडो झाला नाही. शायरला परतल्यावर ठरावीक तारखांना, वेदरटॉपच्या घावाच्या दिवशी आणि शेलॉब या महाकाय कोळिणीच्या दंशाच्या दिवशी, तो आजारी पडतो. एकदा अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणतो की ती कायमची गेली आणि आता सगळं अंधारलेलं, रिकामं आहे. जगाला वाचवणाऱ्याला त्या वस्तूची आठवण येते, हे लिहायला धाडस लागतं. दोन वर्षांनी तो जहाजाने पश्चिमेला निघून जातो.

आणि बिल्बो. रिव्हेंडेलमध्ये पेंगत बसलेला म्हातारा भाच्याला विचारतो की माझी ती अंगठी तू नेलीस, तिचं काय झालं रे? फ्रोडो म्हणतो की हरवली, मी तिची विल्हेवाट लावली. अरेरे, पुन्हा एकदा पाहायची होती, असं म्हणून बिल्बो लगेच पुढे म्हणतो, पण छे, तू तर त्यासाठीच गेला होतास ना!

सगळं पुस्तक वाचायला वेळ नाही. अंगठीपुरतं काय वाचू? मराठीत मिळेल का?

मराठीत मुग्धा कर्णिक यांनी केलेला अनुवाद 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने उपलब्ध आहे. इंग्रजीची सवय नसेल तर खुशाल तिथून सुरू करा.

फक्त अंगठीचा धागा धरायचा असेल तर आधी 'द हॉबिट'मधलं पाचवं प्रकरण, गॉलमच्या कोड्यांचं. मग पहिल्या पुस्तकातलं दुसरं प्रकरण, जिथे गॅन्डाल्फ फ्रोडोला सगळा इतिहास सांगतो. त्यानंतर रिव्हेंडेलची सभा. ती लांब आहे, पहिल्या वाचनात कंटाळा आला तर पुढे जा. गलाड्रिएलच्या आरशाचं प्रकरण अजिबात चुकवू नका. पुढे बोरोमिर आणि फ्रोडोची आमोन हेनवरची भेट, सहाव्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातली सॅमची बाग, आणि तिसऱ्या प्रकरणातला माऊंट डूम. ही सात प्रकरणं दोन-तीन सुट्टीच्या दिवसांत होतात. मधलं वगळलेलं वाचावंसं वाटलं, तर पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करा, कारण फ्रोडोचा थकवा त्या लांबलचक चालण्यातून गेल्याशिवाय पुरता कळत नाही.